कापून ठेवलेल्या चांदण्या

डीना स्क्रॉगिन चर्चच्या तळघराच्या पायऱ्या उतरून आली, तेव्हा लोरीनच्या हातात कात्री होती. डीनाचा चेहरा पाहिल्याबरोबर लोरीननं कात्री खाली ठेवली.

"मिस लोरीन, रसनं तुमच्या पेटीत जॅरडचा झेंडा टाकलाय," डीना म्हणाली. रस तिचा नवरा, जॅरड त्यांचा लढाईत गेलेला मुलगा. "मी बहिणीकडे गेले होते. काल घरी येऊन बघते तर काचेची चौकट भिंतीवर तशीच, आणि आत काही नाही. विचारलं तर म्हणतो, टाकला."

"कुठल्या पेटीत?"

"हार्डवेअरच्या दुकानाबाहेरच्या. जुने झेंडे टाकायची तुमची ती निळी पेटी. मंडळाची." ती टेबलाला धरून उभी होती. "जाळला तर नाही ना अजून?"

"नाही, नाही. जाळायचे ते झेंड्याच्या दिवशी. अजून वेळ आहे."

हे खरं होतं, म्हणून ते लोरीनच्या तोंडून चटकन बाहेर पडलं. डीनानं श्वास सोडला आणि टेबलावर डोकं टेकलं. तिच्या डोक्याजवळ, हातभर अंतरावर, टोपलीत कापलेल्या चांदण्या पडल्या होत्या.

हेझल बेंड गावातलं हे मंडळ म्हणजे ज्या बायकांचा कुणी ना कुणी पूर्वज अमेरिकेच्या इंग्रज राजाविरुद्धच्या लढाईत होता, त्या बायकांचं. कुणाचा कप्तान होता, कुणाचा नुसता ढोल वाजवणारा. मंडळ जुन्या सैनिकांच्या कबरी स्वच्छ ठेवी, शाळेत निबंधाची स्पर्धा घेई, कोर्टात नव्यानं नागरिक झालेल्यांना छोटे झेंडे आणि लिंबाचं सरबत देई. आणि गावातले फाटके, विटके झेंडे गोळा करून जूनमध्ये मानानं जाळी. झेंडा कचऱ्यात टाकायचा नाही, जाळायचा, अशी रीत. पण जाळण्याआधी निळ्या भागातली एकेक चांदणी गोल कापून घ्यायची, छोट्या पिशवीत घालायची, आणि लढाईवर जाणाऱ्या पोरांच्या हाती द्यायची. सोबत दोन ओळींची चिठ्ठी: मी तुझ्या गावावर फडकत होते, तू विसरला गेलेला नाहीस. बरणीचं झाकण ठेवून गोल आखायचा आणि कापायचा, हे काम बरीच वर्षं लोरीनचं होतं. तिच्याइतकं चटचट कुणाला जमत नसे, आणि ते तिला माहीत होतं.

"मी पोती बघते," लोरीन म्हणाली. "तू घरी जा. सापडला की मी घेऊन येते."

"मी थांबते ना. मीही बघते."

"अगं, गुदमरशील इथं. नायलॉनच्या झेंड्यांना पेट्रोलपंपाचा वास असतो. जा तू. मी आणते म्हटलं ना?"

डीना उठली. पायरीवर पोचून ती मागं वळली. "घडी मोडली असली तरी चालेल. फक्त तोच पाहिजे."

ती गेल्यावर लोरीन खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. पोती बघायची गरज नव्हती. तिला आठवत होतं. किराण्याच्या दुकानातल्या कागदी पिशवीत कोंबलेला, पेट्रोलपंपाच्या दोन चिंध्यांबरोबर आलेला मोठा सुती झेंडा. टेबलावर मावला नव्हता, अर्धा जमिनीवर लोळत होता. कुठं ऊन लागल्याची खूण नाही, कड उसवलेली नाही. ती मंडळातल्या जिनेव्हाला म्हणालीही होती, "बघ तरी, कुणीतरी भलताच मोठा आणला आणि लावलाच नाही." जिनेव्हा तेव्हा मिरवणुकीच्या सरबताला लिंबं किती लागतील ते सांगत होती. सुती कापड कात्रीखाली लोण्यासारखं जातं, म्हणून लोरीननं सगळ्यात आधी तोच घेतला होता.

शवपेटीवरचा झेंडा तिकोनी घडीत येतो, म्हणून तिकोनी घडी दिसली की घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा मंडळाचा नियम होता. लोरीननंच तो केला होता. घडी उलगडून कुणी पिशवीत कोंबेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. पण कापड? ते माप? तिच्या स्वतःच्या कपाटावर तसाच एक झेंडा होता. तिचा नवरा वेंडेल गेला तेव्हा एका तरुण पोरानं गुडघा टेकून तिच्या मांडीवर ठेवलेला. तिच्या हातांना कळायला हवं होतं.

तिनं पोतं उपडं केलं. लाल-पांढरे पट्टे सापडले, त्यांना लागून निळा भाग, सगळा गोल भोकांचा. तिनं तो उजेडात धरला आणि भोकांतून समोरची भिंत दिसली. मग ती टोपलीकडे वळली. त्या झेंड्याच्या चांदण्या ओळखू येत होत्या, इतरांपेक्षा मोठ्या आणि जाड सुती. टोपलीत थोड्याच होत्या. बाकीच्या रविवारी शाळेच्या मैदानावरून लढाईवर जायला बसमध्ये चढलेल्या पोरांच्या खिशात गेल्या होत्या. काही जिनेव्हानं वृद्धाश्रमातल्या जुन्या सैनिकांसाठी नेल्या होत्या.

ती जिनेव्हाकडे गेली तेव्हा जिनेव्हा टॅलबट, मंडळाची अध्यक्षा, ओसरीवर मिरवणुकीच्या टोप्यांना फिती शिवत होती. लोरीन उभ्याउभ्याच सगळं बोलली.

"बस तरी," जिनेव्हा म्हणाली.

"बसवत नाही."

"अरे माझ्या देवा." जिनेव्हानं सुई टोपीत खोचली. "मग तू तिला काय सांगितलंस?"

"आणते म्हटलं."

"बरं केलंस. आता ऐक. हे झेंडे सगळे सरकारी, सगळे एकाच मापाचे. अंत्यविधीवाल्याकडे एखादा जादा असतोच. मी फोन लावते. संध्याकाळपर्यंत तू तिला नेऊन देशील. तिनं तो कधी उलगडून पाहिला असणार? काचेत होता."

"तो तिच्या पोराच्या शवपेटीवर होता, जिनेव्हा."

"मला कळत नाही होय? मी त्या दिवशी पुढच्या बाकावर होते. पण तू खरं सांगून त्या बाईला काय देणार आहेस? भोकं? उद्या सगळं गाव म्हणेल, मंडळाच्या बायकांनी शहिदाचा झेंडा कात्रीनं कापला. पुढच्या वर्षी त्या पेटीत कुणी रुमालसुद्धा टाकणार नाही."

"तुला मंडळाचीच पडलीय."

"पडलीय ना! कुणाला तरी पडायला हवी. ढोल वाजवणाऱ्याच्या खापरपणतीला आवाज करायचाच असतो, मला ठाऊक आहे."

"आणि कप्तानाच्या खापरपणतीला हुकूम सोडायचा असतो."

एरवी दोघी हसल्या असत्या. जिनेव्हानं टोपी बाजूला ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "लोरीन, मी तुझ्याच भल्याचं सांगतेय. ती पोरगी खचलेली आहे. तिला झोप लागेल असं काहीतरी दे."

लोरीन पायऱ्या उतरून गाडीत बसली. जिनेव्हा चुकीचं बोलत नव्हती, हेच तिला खुपत होतं. अंत्यविधीवाल्याचीही गरज नव्हती. झेंडा तिच्या घरीच होता.

आधी ती वृद्धाश्रमात गेली. जेवढ्या परत मिळतील तेवढ्या मिळवायच्या, एवढंच तिच्या डोक्यात होतं. जेवणाच्या खोलीत घेवड्याच्या शेंगा आणि मक्याच्या पावाचा वास होता. होबर्ट पेनिक खिडकीशी बसला होता. कोरियाच्या लढाईतून परतलेला, आता ऐकायला कमी येत असलेला, पण जिभेनं पुरता शाबूत. चांदणी त्यानं टोपीला सेफ्टीपिनेनं लावली होती.

"होबर्ट, मला ती चांदणी परत हवीय."

"काय?"

"चांदणी! परत हवीय!"

सगळी खोली वळून बघायला लागली. होबर्टनं टोपीवर हात ठेवला. "परवा दिलीस, आज परत मागतेस? लहानपणी शाळेत तू अशीच होतीस. खाऊ देऊन मागं घ्यायचीस."

"तेव्हा मी जन्मले नव्हते, होबर्ट. तू माझ्या आईबरोबर होतास शाळेत."

"मग तुझी आई तशी होती."

लोरीननं खुर्ची ओढली आणि त्याच्या कानाशी वाकून सांगितलं. कुणाचा झेंडा, कसा कापला गेला, आई विचारत आली. होबर्ट बराच वेळ समोरचा घेवडा काट्यानं ढकलत राहिला.

"स्क्रॉगिनचा पोरगा," तो म्हणाला. "त्याचा आजोबा मला कोंबड्या विकायचा. अर्ध्या म्हाताऱ्या निघायच्या." मग त्यानं मान हलवली. "नाही देत तुला."

"होबर्ट!"

"तुझ्या हातात नाही देत. कात्री तुझ्याच हातात होती ना? त्याची आई येऊ दे. तिच्या हातात देतो. टोपीसकट हवी असली तर टोपीसकट."

लोरीन उठली. तिला राग आला होता, पण कुणाचा ते ठरवता येईना. ती बाहेर येऊन गाडीभोवती एक फेरी मारून आली, आपण काय शोधतोय हे तिला कळलं नाही. गाडीत बसली, रेडिओ लावला, बंद केला. रविवारी बसमध्ये चढलेली पोरं आता कुठल्याशा तळावर असतील. त्यांच्याकडे कसं मागायचं? ज्याला आपण म्हटलं विसरणार नाही, त्याला लिहायचं, ते कापड परत पाठव?

घरी आल्यावर तिनं स्टूल ओढलं, कपाटावरून वेंडेलचा झेंडा काढला आणि पुसला. घडी तितकीच ताठ. निळ्यावर चांदण्या. तो नौदलात होता, लढाईत कधी गोळी सुटलेली त्यानं ऐकली नव्हती. पुढं बत्तीस वर्षं विजेच्या कंपनीत खांबांवर चढला आणि झोपेत गेला. तो असता तर म्हणाला असता, देऊन टाक, मला त्याचं काय करायचंय. तो असाच सगळं देऊन टाकायचा. तिनं झेंडा पुढच्या सीटवर ठेवला. मागच्या सीटवर कापडी पिशवीत पट्टे, भोकांचा निळा भाग आणि सापडलेल्या चांदण्या ठेवल्या. ती पिशवी का घेतेय, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

स्क्रॉगिनांचं घर नदीकडच्या रस्त्यावर होतं. वाटेत ती दोनदा थांबली. एकदा पंपावर, टाकी भरलेली असताना. दुसऱ्यांदा रस्त्याच्या कडेला, नुसतीच. त्या वेळी तिनं मनात वाक्यं जुळवली. "सापडला, डीना. पोत्यात तळाशी होता. मी पुन्हा घडी घातली." चांगली वाक्यं होती. एकही अडखळायचं नाही.

संध्याकाळ अजून उजळ होती. रस ओसरीच्या कठड्यावर बसला होता. तिला पाहून त्यानं मान खाली घातली. लोरीन वेंडेलचा झेंडा दोन्ही हातांत घेऊन पायऱ्या चढली, आणि जाळीच्या दारातून तिला स्वयंपाकघर दिसलं. डीनानं ती काचेची तिकोनी चौकट भिंतीवरून काढून टेबलावर ठेवली होती. आतून पुसत होती. कोपऱ्यात बोट जाईना, म्हणून फडक्याला सुरीचं टोक लावून. शेजारी दोन माणसांचं जेवण झाकून ठेवलेलं होतं आणि गोड चहाचा जग घामेजला होता.

लोरीन मागं फिरली, गाडीपर्यंत गेली, वेंडेलचा झेंडा सीटवर ठेवला आणि मागची पिशवी उचलली. रस बघत होता.

"आणलात?" डीना दारात आली.

"डीना, मी तो कापलाय."

डीनाला समजलं नाही. लोरीननं पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळं काढलं. पट्टे, निळा भाग. मग चांदण्या, एकेक करून, जणू काही त्या नीट मांडल्यानं काही कमी होणार होतं. ती बोलत राहिली. पिशवीत कोंबलेला होता, घडी नव्हती, मी पाहिलं नाही, पाहायला हवं होतं, बाकीच्या पोरांबरोबर गेल्या, एक होबर्ट पेनिककडे आहे, तो तुझ्याच हातात देईन म्हणतो.

डीनानं निळ्या भागाच्या एका भोकात बोट घातलं, मग दुसऱ्यात.

"सकाळी तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"सकाळपासून आत्तापर्यंत मी ही काच पुसतेय."

"गाडीत वेंडेलचा झेंडा आहे," लोरीन म्हणाली. तिला थांबता येईना. "तोच देणार होते तुला. तुझा म्हणून. दारापर्यंत आणला होता."

"मग दिला का नाहीत?" डीनाचा आवाज चढला. "द्यायचा होता! मला काय कळणार होतं? मी तो काचेत ठेवला असता आणि झोपले असते. आता काय करू मी? तुम्हाला हलकं वाटलं असेल, मिस लोरीन. मला हे धरून बसायचंय."

लोरीनला हलकं वाटत नव्हतं. पण तेही सांगायची ही वेळ नव्हती.

"मला कळलं असतं," मागून आवाज आला.

रस जाळीचं दार धरून उभा होता. डीना वळली नाही.

"तुला?" ती म्हणाली. "तू तर टाकलास."

"टाकायच्या आदल्या रात्री उघडला होता. जॅरडच्या पलंगावर पसरला. पलंगापेक्षा मोठा. खालच्या लाल पट्ट्याची शिवण शेवटाला वाकडी गेलीय. शिवणारीला घाई असेल." तो आत आला, पट्टे उचलून चाचपत गेला आणि थांबला. "ही. बघ."

डीनानं बघितलं. तिनं तो झेंडा इतकी वर्षं काचेतून पाहिला होता, आणि ही शिवण तिनं आज पहिल्यांदा पाहिली.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मी रोज जेवायला बसतो आणि समोर ते. शवपेटीचं झाकण भिंतीला लावलंय असं वाटतं. तू त्याला शुभ रात्री म्हणतेस. मला घास उतरत नाही, डी." त्यानं नाक पुसलं. "कचऱ्यात टाकवेना. म्हणून त्यांच्या पेटीत टाकला. जाळतील म्हटलं, नीट. मानानं. कापतात हे मला काय माहीत?"

लोरीनला वाटलं आता निघावं. पण दाराकडच्या वाटेत रस उभा होता, आणि दोघांपैकी कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

"मला तो घडी घालून पाहिजे," डीना म्हणाली. "आत्ता."

"भोकं दिसतील," लोरीन म्हणाली. "घडी घातली की वर निळाच भाग येतो."

"दिसू देत. तुम्हाला घडी येते ना?"

स्वयंपाकघर लहान पडलं, म्हणून तिघं अंगणात गेली. निळ्या बाजूचं टोक डीनानं धरलं. पट्ट्यांचं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. रस क्षणभर तसाच उभा राहिला, मग त्यानं ते उचललं. लोरीन मधे उभी राहून सांगत होती: आधी लांबीत अर्धा, पुन्हा अर्धा, आता कोपरा वर, आता सरळ, ताणून धर. रस फार जोरात ओढायचा.

"फाडशील," डीना म्हणाली.

"सैल सोडला तर घडी बसत नाही."

"तरी फाडशील."

तो थोडा जवळ सरकला. एकेका तिकोनानं तो तिच्याकडे येत गेला आणि दोघांमधलं कापड कमी होत गेलं. शेवटचं निळं टोक आत खोचायचं काम लोरीनचं. तिनं हात पुढं केला. डीना म्हणाली, "तुम्ही नको." रसनं ते आपल्या जाड बोटांनी खोचलं, दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा राहिलं. भोकांतून आतलं कापड दिसत होतं, कुठं लाल, कुठं पांढरं. त्यानं तो तिकोन तिच्यापुढं धरला.

"उलटा धरलायस," डीना म्हणाली. "टोक वर."

त्यानं फिरवला. तिनं घेतला.

"भिंतीवर लावायचा नाही," रस म्हणाला. "जेवणाच्या समोर नको. दुसरीकडे कुठंही."

"बघू." ती झेंडा छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग तिनं लोरीनकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा सरळ. "त्या पोरांचे पत्ते आहेत तुमच्याकडे? बसमधून गेली त्यांचे?"

"मिळतील."

"मग सोमवारी या. त्यांना पत्रं लिहायचीत. मी सांगीन ते लिहा. तुमच्या मनानं काही घालायचं नाही."

"परत मागायच्या?"

"ते मी सोमवारपर्यंत ठरवते."

"येते," लोरीन म्हणाली.

डीना झेंडा घेऊन आत गेली. रस तिच्यामागं गेला, दारात थांबला, आणि त्यानं लोरीनला नुसता हात केला. लोरीन गाडीत बसली. सोमवारला अजून बरेच दिवस होते.